दोन्ही बाजूंचे सर

आमच्या सरांना लग्नाला बोलवावं की नाही, याची लखनौतल्या मराठी घरांमध्ये दर वेळी चर्चा व्हायची. माणूस मोठा, संशोधन संस्थेत वरच्या हुद्द्यावर, गणपतीत आरतीला सगळ्यांत आधी हजर. पण त्यांच्या खिशात एक ओला पांढरा रुमाल असायचा. मांडवात शिरले की ते नवरीच्या मामाशी गप्पा मारता मारता त्याच्या फेट्याचं टोक रुमालात धरून चोळायचे आणि मग रुमाल उजेडात नेऊन बघायचे. एकदा त्यांनी एका विहीणबाईंच्या शालूचा पदर धरला. बाई मुळात तापट, त्यात वरपक्षाच्या. त्यांनी पदर हिसकावून घेतला आणि सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, चारचौघांत हात जोडले. सर रुमालावरचा लालसर डाग बघत एवढंच म्हणाले, "उतरते. पण यानं काही सिद्ध होत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. कापडाचा रंग पाण्यात उतरला म्हणजे तो विषारी असतो असं नाही, आणि न उतरणारा रंग निर्धोक असतो असंही नाही, हे आम्हा रसायनवाल्यांना ठाऊक होतं. मग चोळायचं कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सवय, दुसरं काय."

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली आणि नव्वदच्या दशकात कधीतरी आम्ही तेलीबागेत भाड्यानं राहायला आलो. एमेस्सी होऊन घरात बसले होते. मराठी मंडळात सरांची ओळख झाली आणि त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात मला त्यांच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर घेतलं. सर अकोल्याकडचे. इंग्रजी कडक, हिंदी लखनवी, पण मराठी बोलायला लागले की थेट वऱ्हाडात उतरायचे. "काय करून राह्यली वं?" असं त्यांनी मागून विचारलं की माझ्या हातातली परीक्षानळी हमखास हलायची.

काम कापडांच्या तपासणीचं होतं. जर्मनीनं तेव्हा काही रंगांवर बंदी घातली होती. कापड आणि चामडं रंगवायचे हे स्वस्त रंग. त्यातले काही अंगाला लागले की त्यांचं विघटन होतं आणि त्यातून कर्करोग होऊ शकेल अशी द्रव्यं निघतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. लखनौहून चिकनच्या भरतकामाचे कुर्ते, दुपट्टे तिकडे जायचे. पांढऱ्यावर पांढरं काम असेल तर प्रश्न नव्हता, पण तिकडच्या बायकांना गुलाबी, पिस्ता, फिरोजी हवं असायचं. प्रत्येक खेपेबरोबर आता तपासणीचा दाखला लागणार होता, आणि तो दाखला आमच्या प्रयोगशाळेतून सरांच्या सहीनं जायचा.

मला वाटलं होतं, काम सोपं आहे. द्रव्य सापडलं तर नापास, नाही सापडलं तर पास. गोंधळ सुरू झाला तो सर बोलायला लागले की.

निर्यातदारांची एक सभा हजरतगंजातल्या एका हॉटेलात झाली. सर त्यांना म्हणाले की, जर्मनीचे आभार माना. हे रंग तुमच्या कारागिरांच्या हाताला लागतात, तुमच्या नाल्यात जातात, तुम्ही स्वतः कधी बंद केले नसते. आज जो पहिला बदलेल त्याचा माल उद्या जगात सगळीकडे जाईल, कारण आज जो नियम जर्मनीत आहे तो उद्या सगळ्यांकडे येणार. सभा नाराज झाली, पण मी भारावून गेले. त्याच महिन्यात परदेशी पाहुण्यांचं एक मंडळ संस्थेत आलं. तिथं सर उभे राहिले आणि म्हणाले की, हे रंग शोधले तुम्ही, आम्हाला पिढ्यान् पिढ्या विकले तुम्ही, तुमचे पेटंटचे हक्क संपल्यावर ते आमच्याकडे स्वस्तात बनायला लागले तेव्हा बंदी घातली तुम्ही, आणि आता त्याला पर्याय म्हणून महागडे रंग विकायलाही तुम्हीच आला आहात. याला पर्यावरण म्हणायचं की दुकानदारी? पाहुणे कागदांत मान घालून बसले. मी पुन्हा भारावून गेले, आणि घरी जाताना मला कळेना की मी कोणत्या भाषणाशी सहमत आहे.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, यातलं तुमचं मत कोणतं?"

"दोन्ही."

"पण दोन्ही एकदम कसं असेल?"

"तोच तर घोळ आहे," ते म्हणाले आणि माझ्या ओढणीचं टोक चोळायला रुमाल काढला.

त्यांची ही रीत घरीही होती. काकू म्हणायच्या, "यांच्यासमोर भाजी चांगली झाली म्हणू नये, वाईट झाली असंही म्हणू नये. जे म्हणाल त्याच्या उलट बाजू घेतात." काकूंनी बाजारातून नवी साडी आणली की त्यांचा चेहरा पडायचा, कारण ती साडी आधी सरांच्या हाताखालून जाणार. सर स्वतः बिनरंगी, मांजरपाटासारख्या कापडाचे शर्ट घालत. त्या शर्टांत ते कायम आजारातून उठल्यासारखे दिसत.

रिझवीसाहेब आमच्याकडे पहिल्यांदा आले ते याच काळात. चौक या लखनौच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत त्यांचं घर आणि मागच्या अंगणात रंगाईचे हौद. वाडवडिलांपासून चिकनचा व्यापार. गोरेपान, पन्नाशीचे, बोलणं इतकं अदबीचं की नकार देणाऱ्यालाच अपराधी वाटावं. हँबर्गच्या एका खरेदीदाराची त्यांना पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली होती. माल तयार होता, शिवून, धुऊन, घड्या घालून. फक्त सरांची सही राहिली होती. गुलाबी कापडात नको ते द्रव्य निघालं. मी दोनदा तपासलं, सरांनी स्वतः तिसऱ्यांदा तपासलं. पुन्हा तेच.

रिझवीसाहेबांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "जनाब, आप दस्तख़त न करें, यह आपका ईमान है। मगर इतना तो बताइए कि इसी रंग का दुपट्टा अमीनाबाद में खुलेआम बिक रहा है, वह ज़हर नहीं है?"

सर म्हणाले, "है।"

"तो फिर?"

रिझवीसाहेब माल घेऊन गेले. तो सगळा माल पुढे अमीनाबादच्या बाजारातच विकला गेला. जर्मन बायकांच्या अंगाला जो लागू द्यायचा नव्हता तो रंग आमच्या शेजारणींच्या अंगावर आला. एक तसला गुलाबी कुर्ता आमच्या घरमालकिणीनं घेतला आणि मला कौतुकानं दाखवला. छान आहे, मी म्हणाले.

सरांनी मात्र आठवडाभरानं रजा टाकली आणि आपली जुनी स्कूटर घेऊन चौकात गेले. रिझवीसाहेबांच्या अंगणात ते रोज जाऊन बसायला लागले. आपणच ज्याचा माल अडवला त्याच्या दारात हा माणूस रोज कशाला जातो, हे संस्थेत कोणाला कळेना. कोणी म्हणालं, पश्चात्ताप. कोणी म्हणालं, भागीदारी. मला बरोबर नेलं तेव्हा मी पाहिलं की सर पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून हौदाशी उकिडवे बसले आहेत आणि रिझवीसाहेब त्यांना पानाचा डबा पुढे करत आहेत. दुसऱ्या जातीचे रंग वापरून पाहायचे होते. कापडात घट्ट बसणारे, अंगाला निर्धोक. महाग होते, पाणी जास्त मागत होते, आणि दर हौदाला भरपूर मीठ लागत होतं.

एक दिवस सर्वांत चांगला गुलाबी उतरला. रिझवीसाहेब कापड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. सर मात्र हौदातलं पाणी नालीत सोडलं जाताना बघत होते. मला म्हणाले, "रंग अंगाले बरा आहे. पण हे मीठ कुठं चाललं, पाहून राह्यली ना? गोमतीत. आता जर्मनीला फक्त कापड दिसते, नाली दिसत नाही. आपण कापड सुधारलं का बिघडवलं?"

मी म्हणाले, "सुधारलं, सर."

"नक्की?"

मला त्या दिवसापर्यंत नक्की वाटत होतं.

पुढची खेप पास झाली आणि हँबर्गला गेली. खरेदीदार खूश झाला. त्याला आता हिंदुस्थानात एक स्वच्छ माणूस सापडला होता. रिझवीसाहेबांच्या ऑर्डरी वाढल्या. सरांचं पहिल्या भाषणातलं म्हणणं खरं ठरलं होतं: नियम कडक झाला, आणि जो आधी बदलला तो पुढे गेला. मी सरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "एक रिझवी पुढे गेला. गल्ली कुठे गेली?"

त्या खरेदीदाराच्याच ओळखीतून सरांना जर्मनीतल्या एका परिषदेचं बोलावणं आलं. आम्ही अमौसीच्या विमानतळावर त्यांना पोचवायला गेलो. काकू, मी, रिझवीसाहेब. काकूंनी चकल्या दिल्या होत्या आणि परक्या बायकांच्या कपड्यांना हात लावायचा नाही, असं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. रिझवीसाहेबांनी सरांच्या उजव्या दंडाला नाणं शिवलेल्या कापडी पट्टीचा इमाम ज़ामिन बांधला, प्रवासाला निघालेल्या माणसाला बांधतात तसा. सर दंडावरच्या त्या कापडाकडे बघायला लागले तेव्हा काकू घाईनं म्हणाल्या, "याला नाही चोळायचं."

परत आले ते वेगळेच. परिषदेबद्दल काहीच सांगेनात. पुष्कळ दिवसांनी, प्रयोगशाळेत आम्ही दोघंच असताना, त्यांनी सांगितलं. परिषदेनंतर त्यांना जवळच्या एका गावात नेलं होतं. जुनं कापडाचं गाव. मधून नदी. पूर्वी म्हणे ती नदी रोज वेगळ्या रंगाची वाहायची, ज्या रंगाचं कापड त्या रंगाची. आता तळातले गोटे दिसत होते आणि मासे दिसत होते. सर पुलावर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. हे असं होऊ शकतं, आपल्याकडेही होऊ शकतं, असं त्यांना वाटलं. तिथं एक म्हातारा बाकावर बसला होता. वाटाड्याच्या मदतीनं सरांनी त्याला विचारलं की, कायदे केल्यानं नदी साफ झाली ना? म्हातारा म्हणाला, कायदे झाले हे खरं. पण त्याआधीच रंगाईचा कारखाना बंद पडायला आला होता. मी त्यातच होतो, माझा मुलगाही. आता कापड तुमच्याकडून येतं. आणि त्यानं सरांना विचारलं की तुमच्याकडच्या नद्या कशा आहेत.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, रंगीत."

आणि सर हसले. पण ते हसणं मला पाहवलं नाही. म्हणाले, "आता मले हेच समजत नाही पोरी. त्याची नदी कायद्यानं धुतली का आपल्या नालीनं? त्यांचा कायदा कडक होता म्हणून काम आपल्याकडे आलं, का मजुरी स्वस्त म्हणून आलं, का दोन्ही? आणि आपण कायदा कडक केला तर ते इथून आणखी कुठं जाईल? कोणाची तरी नदी शिल्लक राहीलच की."

त्यानंतर काही महिन्यांनी दिल्लीहून एक समिती लखनौला आली. प्रश्न असा होता की, हे रंग आता आपण देशातच बंद करावेत का. एका सरकारी सभागृहात सुनावणी होती. तज्ज्ञ म्हणून सरांचं मत महत्त्वाचं ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या मागे फाइली घेऊन बसले होते.

रिझवीसाहेब बंदीच्या बाजूनं उभे राहिले. सुंदर बोलले. आपल्या लोकांच्या जिवाबद्दल बोलले, शहराच्या नावाबद्दल बोलले. टाळ्या पडल्या. मग त्यांच्याच गल्लीतला एक रंगरेज उठला, छुट्टन नावाचा. घरच्या घरी दोन भांड्यांत रंगाई करणारा. तो म्हणाला की, नवे रंग मी घेऊ शकत नाही, मीठ घेऊ शकत नाही, एवढं पाणी माझ्याकडे येत नाही. रिझवीसाहेबांना बाहेरच्या ऑर्डरी आहेत म्हणून त्यांना परवडतं. माझं गिऱ्हाईक अमीनाबादेत आहे. बंदी करा, पण मग आम्ही काय करायचं तेही सांगा. त्याच्या बोलण्याला टाळ्या पडल्या नाहीत, पण मागे बसलेल्या त्याच्यासारख्या माणसांमध्ये कुजबुज झाली.

सर उठले. समितीकडे न बघता ते रिझवीसाहेबांकडे वळले. दोघांची आता घरोब्याची मैत्री होती. ईदेला सर सहकुटुंब त्यांच्याकडे जात, दिवाळीला ते आमच्यासारखेच काकूंच्या हातचा फराळ खात. सरांनी भर सभेत त्यांना विचारलं, "रिझवीसाहब, सच बताइए। आपको उस रंग से डर लगता है, या छुट्टन के सस्ते माल से?"

मला वाटलं, आता यांची मैत्री संपली. रिझवीसाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "दोनों से, डॉक्टर साहब।"

सर खुर्चीचा हात धरून उभे होते. ज्या माणसानं आयुष्यभर दोन्ही बाजूंनी बोलून सगळ्यांना हैराण केलं, त्याला पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याच भाषेत उत्तर दिलं होतं. समितीचे अध्यक्ष जरा वैतागून म्हणाले की, डॉक्टरसाहेब, आम्हाला संध्याकाळची गाडी आहे. बंदी असावी की नसावी?

सर म्हणाले, "असावी. हो लिहा." मग थांबून म्हणाले, "आणि त्याखाली लिहा की जो हे सांगतो आहे त्याला खात्री नाही. छोट्या रंगरेजांना नवा रंग परवडेल अशी सोय आधी करा, मग बंदी आणा, हेही लिहा."

"खात्री नसेल तर हो कसं म्हणता?"

"नाही म्हणायची त्याहून कमी खात्री आहे."

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. मी सरांच्या मागेच होते, त्यामुळे मला कागद दिसला. त्यावर फक्त 'हो' लिहिलं गेलं.

बाहेर आल्यावर रिझवीसाहेबांनी सरांचा हात धरला आणि म्हणाले की, आपण घरी चला, बेगमनं शामी कबाब केले आहेत. सर गेले. कबाब खाल्ले. दोघं त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. मी छुट्टनला शोधत राहिले, पण तो घाईनं निघून गेला होता.

बंदी आली. आधी करायच्या सोयीचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. सर त्यासाठी दिल्लीला पत्रं लिहीत राहिले. चौकातल्या गल्ल्यांमधले कितीतरी छोटे हौद कोरडे झाले. काही रात्रीतून त्याच जुन्या रंगांनी पुन्हा भरले, कारण तपासायला कोणी येत नव्हतं. रिझवीसाहेबांचा धंदा काही वर्षं जोरात चालला. मग हँबर्गच्या खरेदीदाराला दुसऱ्या एका देशात तसलंच कापड स्वस्तात मिळालं, दाखल्यासकट. त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. मुलाला दुबईला पाठवलं आणि पुन्हा पांढऱ्यावर पांढरं काम करायला लागले.

आमची बदली पुण्याला झाली तेव्हा मी सरांना भेटायला गेले. ते निवृत्त झाले होते आणि त्यांनी लखनौतल्याच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं होतं. बाल्कनीत बसले होते. मला पाहून खूश झाले आणि चहा येण्याआधीच सांगायला लागले की, परवा त्यांना छुट्टन भेटला. रायबरेली रोडवर तो आता चहाची टपरी चालवतो. सरांनी त्याला ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. चहाचा पेला पुढे करताना त्याच्या हातांकडे सरांचं लक्ष गेलं. रंगरेजाचे हात मनगटापर्यंत कायमचे निळे-जांभळे असतात. ते साफ झाले होते. माणसाच्या हातांसारखे दिसत होते. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "छुट्टन मियाँ, हाथ का रंग उतर गया।"

छुट्टन म्हणाला, "जी। घर में बिटिया शुरू-शुरू में पहचानती नहीं थी, कहती थी अब्बा के हाथ कहाँ गए।" मग पेला पुसत म्हणाला, "काम भी उतर गया, साहब।"

एवढं सांगून सर थांबले. काकूंनी चहा आणून ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, जसं परीक्षेत विद्यार्थ्याला विचारावं तसं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं, "हे मी कोणत्या बाजूला धरू, सांग बरं?"

मी पुष्कळ वेळ तिथं बसले होते. चहा गार झाला, काकूंनी दुसरा केला, तो मी पिऊन संपवला. सर उत्तराची वाट बघत होते. त्यांच्यापाशी असताना कधी नाही ती मला माझी संध्याकाळची गाडी आठवली आणि मी उठले.